सोंग कोणाचं काढायचं?
पर्यावरणाची नासाडी आणि उपहासाचं हत्यार, खापरच्या नजरेतून

महाराष्ट्र शासनाने १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात २ कोटी रोपं लावण्याचा संकल्प सोडला. पुढच्या वर्षी आकडा ४ कोटी झाला, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. तेहतीस कोटी म्हटल्यावर वर बसलेल्या देवांनीही एकमेकांकडे पाहिलं असेल. पुढे या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समितीही नेमली गेली. या सगळ्यावर गंभीर टीका करायची तर जगलेल्या रोपांचं प्रमाण, खर्चाचे तक्ते, रोपांच्या जाती असं बरंच काही मांडावं लागतं. ते मांडलंच पाहिजे. पण अक्कलकुवा तालुक्यातल्या एखाद्या गावात रात्री अकरा वाजता घोंगडी पांघरून बसलेल्या माणसासमोर तो तक्ता टिकत नाही. तिथे सोंगाड्या पुढे येतो आणि साहेबाला एवढंच विचारतो की गेल्या सालचा खड्डा सापडला का? बसलेली सगळी माणसं हसतात, कारण तो खड्डा कुठे आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

हा लेख त्या हसण्याविषयी आहे. निसर्गाची माणसाकडून होणारी हानी उपहासातून कशी मांडता येते, त्याच्या युक्त्या काय असतात आणि तो कुठे फसतो, हे इथे पाहू. उदाहरणं शक्य तेवढी खापरच्या आसपासची घेतली आहेत. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावरचं, गुजरातच्या हद्दीला लागून असलेलं हे बाजाराचं गाव. मागे सातपुडा, पलीकडे नर्मदा.

उपहास विनोदाहून वेगळा कसा

विनोद कोणावरही होतो आणि विरून जातो. उपहासाला गिऱ्हाईक लागतं. कोणाचं तरी वागणं आणि बोलणं यांत फट असते, उपहास त्या फटीत पहार घालतो. 'पर्यावरण वाचवा' असा फ्लेक्स प्लास्टिकवर छापून झाडाला खिळ्यांनी ठोकलेला दिसतो, तेव्हा ती फट आयतीच मिळालेली असते. राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना मार्च २०१८ मध्ये निघाली. त्यानंतर किती गावांत प्लास्टिकमुक्तीचं स्वागत फ्लेक्स लावून झालं, याची गणती कोणी ठेवलेली नाही. ठेवायला हवी होती.

मराठीला उपहासाची परंपरा मोठी आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी सुदाम्याच्या तोंडून समाजाच्या चालीरीतींची खिल्ली उडवली, अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये कवींची. एकनाथांच्या भारुडांपासून तमाशातल्या वगापर्यंत राजा, प्रधान, भट, सावकार, दारुडा असे सगळे सापडतात. जंगलतोड मात्र या गिऱ्हाइकांत फार उशिरा आली. माझ्या मते याचं कारण असं की आपल्या साहित्यात निसर्ग वर्णनासाठी राखून ठेवलेला होता. पावसावर कविता करायची, झाडाखाली प्रेम करायचं. झाड कोणी तोडलं, कोणाच्या सहीने तोडलं, हा प्रश्न साहित्याचा नसून तलाठ्याचा मानला गेला.

सोंगाड्या पार्टी

नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आणि हद्दीपलीकडे सागबारा–डेडियापाडा भागात सोंगाड्या पार्टी हा लोकांचा हक्काचा करमणुकीचा प्रकार. रात्रभर गाणी, नाच, मधूनमधून सोंगं. बाईची भूमिका पुरुषच करणार. संवाद बहुतेक तिथल्या तिथे रचलेले, देहवाली किंवा मावची अशा बोलीत. मराठी आणि गुजराती यायची ती साहेब, व्यापारी किंवा पोलीस बोलायला लागला की. नुसती भाषा बदलली तरी अर्धं सोंग तिथेच उभं राहतं, हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको.

इथे एक फरक सांगून ठेवतो, कारण शहरातून येणारे पाहुणे तो हमखास विसरतात. मोलगीजवळच्या काठीची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. तिथे अंगावर राखेची नक्षी काढलेले, कमरेला दुधीभोपळे बांधलेले, मोरपिसांचा उंच टोप घातलेले बावा आणि बुध्या येतात, मोरखी येते, धाणका डोको येतो. हे सोंग नवसाचं. ते घेणारा माणूस ठरलेले दिवस पाळणी पाळतो. त्यात टर उडवणं नसतं. सोंगाड्या पार्टीतलं सोंग मात्र टर उडवायलाच काढलेलं असतं. कॅमेरा घेऊन आलेल्यांना दोन्ही सारखीच 'कलरफुल' दिसतात, तो भाग वेगळा.

पर्यावरणाच्या उपहासाला हा दुसरा प्रकार फार सोयीचा. सभागृह नको, तिकीट नको. आणि ज्या नदीबद्दल बोलायचं ती शंभर पावलांवर वाहत असते, किंवा वाहत नसते.

एक बतावणी, नमुन्यादाखल

कशी असते ते दाखवायला एक तुकडा रचून देतो. बोलीत हा याहून बराच बोचेल.

साहेब : या खड्ड्यात मी पहिलं रोप लावतो.

सोंगाड्या : लावा ना साहेब. खड्डा ओळखीचा आहे.

साहेब : ओळखीचा म्हणजे?

सोंगाड्या : मागल्या साली तुमच्या आधीच्या साहेबांनी यातच लावलं होतं. त्याच्या मागल्या साली त्यांच्या आधीच्यांनी. खड्ड्याला सवय झालीय आता. साहेब दिसले की आपोआप उघडतो.

साहेब : मग ती रोपं गेली कुठं?

सोंगाड्या : जगली साहेब! सगळीच्या सगळी जगली.

साहेब : कुठं आहेत?

सोंगाड्या : कागदावर. तिथं पाणी लागत नाही, बकरी पण चढत नाही.

साहेब : गप बस. फोटो काढ.

सोंगाड्या : काढतो. तुम्ही जरा बाजूला सरका, रोप दिसत नाहीये.

साहेब : रोप कशाला दिसायला पाहिजे?

सोंगाड्याने एकदाही आरोप केलेला नाही, हे बघा. तो साहेबाच्या बाजूने बोलतो, त्याला शाबासकी देतो, मदत करतो. शाळेत अलंकार शिकताना आपण याला व्याजस्तुती म्हणायचो आणि एका गुणासाठी पाठ करायचो. वरवर स्तुती, आत निंदा. शिवाय शेवटचं वाक्य साहेबाच्याच तोंडून आलं. गिऱ्हाइकाने स्वतःच स्वतःला उघडं पाडावं, ही उपहासातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात टिकाऊ युक्ती. 'साहेब, तुम्ही भ्रष्ट आहात' असं सोंगाड्या म्हणाला असता तर ते भाषण झालं असतं, आणि लोक पाणी प्यायला उठले असते.

अजून एक गोष्ट या तुकड्यात आहे. हसण्याचं कारण प्रेक्षकाला आधीपासून माहीत आहे. उपहास नवी माहिती फारशी देत नाही. जे सगळ्यांना ठाऊक आहे पण कोणी मोठ्याने बोलत नाही, ते तो चारचौघांत मांडतो. म्हणून तो परक्या गावात बऱ्याचदा पडतो.

वास्तवच पुढे जातं तेव्हा

अतिशयोक्ती हे उपहासाचं जुनं साधन. जोनाथन स्विफ्टने १७२९ मध्ये आयर्लंडच्या गरिबीवर उपाय म्हणून गरिबांची पोरं श्रीमंतांनी खावीत असा 'नम्र प्रस्ताव' अगदी हिशेबी भाषेत मांडला होता. अतिशयोक्ती इतकी की वाचणाऱ्याला खरी परिस्थिती दिसावी. पण काही ठिकाणी अतिशयोक्तीला जागाच उरत नाही. खापरपासून फार लांब जायला नको.

सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली. ९ अक्कलकुव्यातली, २४ अक्राणीतली. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे या बुडितातलं राज्याचं पहिलं गाव. राज्याच्या वाट्याला आलेल्या बुडीत क्षेत्रात ६,४८८ हेक्टर जमीन जंगलाची होती. आता या माणसांना वसवायचं कुठे? जमीन शोधता शोधता शासनाची नजर तळोद्याच्या राखीव जंगलावर गेली. आधी २,७०० हेक्टर, मग १,५०० हेक्टर, असं एकूण ४,२०० हेक्टर जंगल पुनर्वसनासाठी मोकळं करण्यात आलं. म्हणजे जंगल बुडवलं, त्या जंगलात राहणारी माणसं उठवली आणि त्यांना बसवायला दुसरं जंगल तोडलं. गुजरातने तर आपल्या वाट्याच्या बुडीत जंगलाची भरपाई म्हणून कच्छमध्ये झाडं लावली. नर्मदेच्या खोऱ्यातला साग आणि मोह गेला, त्याबदल्यात रणाच्या काठाला हिरवळ आली. हिशेब जुळला.

यावर वग लिहायला बसणाऱ्याने काय करावं? माझं उत्तर असं की काहीच वाढवू नये. आदेश तारखेप्रमाणे लावावेत आणि प्रधानाने ते राजाला वाचून दाखवावेत. राजाने प्रत्येक वेळी एवढंच विचारावं, 'आणि मग?' क्रम हाच इथे उपहास. पुनर्वसन नीट झालं नाही, पर्यावरणाचा अभ्यास अपुरा आहे, असं जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने जून १९९२ मध्ये रोखठोक लिहिलं आणि मार्च १९९३ मध्ये बँकेच्या कर्जावर पडदा पडला. त्या वर्षांतली कागदपत्रं वाचताना कित्येकदा वाटतं, विनोदी लेखकाने याला हात लावू नये, बिघडेल.

हे जुनं झालं म्हणावं, तर ग्रेट निकोबार बेटावरच्या प्रकल्पात जाणाऱ्या सदाहरित जंगलाच्या बदल्यात झाडं लावायला सुचवली गेलेली जागा हरियाणात आहे. समुद्रातल्या बेटावरचे पक्षी दिल्लीशेजारी जाऊन घरटी बांधतील, अशी अपेक्षा असावी.

'बाहेर' नावाची जागा

१९९१ च्या जुलैत पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ 'किर्की' नावाच्या तेलवाहू जहाजाचा पुढचा भाग निखळला आणि तेल समुद्रात सांडलं. जॉन क्लार्क आणि ब्रायन डॉ या विनोदी जोडीने त्यावर टीव्हीवर काही मिनिटांची मुलाखत केली. क्लार्क पुढारी, डॉ मुलाखत घेणारा. पुढाऱ्याचं म्हणणं असं की काळजीचं कारण नाही, जहाज ओढून पर्यावरणाच्या बाहेर नेलंय. मुलाखत घेणारा विचारतो, बाहेर म्हणजे कुठे? दुसऱ्या पर्यावरणात? पुढारी ठाम, बाहेर म्हणजे बाहेर, तिथे काहीच नाही. मग हळूहळू कबूल करत जातो की तिथे समुद्र आहे, पक्षी आहेत, मासे आहेत, आणि अर्थात ते तेलही आहे. दोघंही चेहऱ्यावरची सुरकुती हलू देत नाहीत. तीस वर्षं होऊन गेली तरी हा तुकडा लोक अजून पाहतात.

हा प्रसंग मी वरचेवर आठवतो, कारण 'बाहेर' हा आपल्याकडचाही सगळ्यात लाडका पत्ता आहे. कचरा गावाबाहेर, गटार गावाबाहेर. घरातला कचरा बाहेर टाकला की घर स्वच्छ. बाजार उठल्यावर उरलेलं सगळं नदीच्या पात्रात ढकललं की बाजार स्वच्छ. ते पावसाळ्यात वाहून गेलं की नदीसुद्धा स्वच्छ, निदान आपल्या हद्दीपुरती. पुढे गुजरात. एखाद्या पार्टीने ही 'बाहेर'ची शोधाशोध घेऊन सोंग बसवावं. एक माणूस डोक्यावर कचऱ्याचं टोपलं घेऊन 'बाहेर' कुठे आहे ते विचारत हिंडतो, प्रत्येक गाव त्याला पुढच्या गावाकडे बोट दाखवतं, आणि शेवटी तो फिरून आपल्याच दारात येतो. यात खलनायक कोणी नाही, बोट मात्र सगळ्यांकडे आहे.

फाइल आणि झाड

कृश्न चंदर यांची 'जामुन का पेड़' ही कथा अनेकांनी शाळेत वाचली असेल. सचिवालयाच्या हिरवळीवर वादळात जांभळाचं झाड पडतं, त्याखाली एक माणूस जिवंत सापडतो. झाड हलवायचं कोणी? व्यापार खातं शेती खात्याकडे बोट दाखवतं, शेती खातं फलोद्यान खात्याकडे. ते म्हणतं, फळझाड कसं तोडणार? दबलेला माणूस कवी आहे असं कळतं, तेव्हा सांस्कृतिक खातं येतं. झाड एका परक्या देशाच्या पंतप्रधानाने लावलेलं निघतं, म्हणून परराष्ट्र खातं. अखेर मंजुरी येते, तोवर माणूस गेलेला असतो. २०१९ मध्ये ही कथा आयसीएसई मंडळाने दहावीच्या हिंदी अभ्यासक्रमातून काढली, तेव्हा तिची फाइलही पूर्ण झाली म्हणायची.

वरवर ही नोकरशाहीची थट्टा, पर्यावरणाची नाही. पण निसर्गाची बरीचशी हानी याच वाटेने होते. कुऱ्हाड घेऊन कोणी धावत येत नाही. कोणाचंच काम नसतं म्हणून नदी मरते.

पी. साईनाथ यांच्या ग्रामीण वार्तापत्रांचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. 'दुष्काळ आवडे सर्वांना' हे हेमंत कर्णिकांच्या मराठी अनुवादाचं नाव. आतला मजकूर गंभीर वार्तांकनाचा आहे, सगळा उपहास त्या शीर्षकाच्या तीन शब्दांत. टँकरवाला, ठेकेदार, कर्ज देणारा, निधी वाटणारा, सगळे त्या 'सर्वांना'मध्ये आले. कमी शब्दांत गिऱ्हाईक नेमकं पकडणं म्हणजे काय, ते इथे शिकावं.

याच्या उलट टोकाचं उदाहरण बीडचं. फेब्रुवारी २०२० मध्ये पालवणच्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने वृक्षसंमेलन भरलं आणि अध्यक्षपद दिलं वडाच्या झाडाला. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दरवर्षी होणारे वाद ज्यांना माहीत आहेत, त्यांना यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही. अध्यक्ष भाषण करणार नव्हते, मानधन मागणार नव्हते, आणि सावली मात्र देणार होते.

आधी झाडू, मग कीर्तन

गावाच्या घाणीवर उपहास करावा तर गाडगेबाबांनी. १८७६ मध्ये वऱ्हाडात जन्मलेला हा माणूस गावात शिरायचा तो हातात खराटा घेऊन. दिवसभर रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन. कीर्तनात प्रश्न विचारत विचारत ते लोकांना कोपऱ्यात गाठत. श्रोता उत्तर देता देता स्वतःलाच हसत असे. बाबांचं बोलणं तिखट असे, तरी लोक चिडून उठून जात नसत. मला याचं कारण त्यांच्या खराट्यात दिसतं. ज्याने आपलं गटार आपल्या डोळ्यांसमोर साफ केलंय, त्याच्या टोमण्याला उत्तर नसतं.

२००० मध्ये राज्याने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. अनेक गावांनी चांगलं काम केलं, हे नाकारायचं कारण नाही. पण त्यात स्पर्धा आली, बक्षीस आलं, तपासणी समिती आली. समिती येणार त्याच्या आदल्या दिवशी चुना मारलेली झाडं आणि ती गेल्यावर तिसऱ्या दिवशीचा उकिरडा, हेही पाहायला मिळालं. बाबा असते तर त्यांना त्या रात्रीच्या कीर्तनाचा विषय शोधावा लागला नसता.

चुकीचं गिऱ्हाईक

इथे थोडं थांबावं लागेल, कारण सातपुड्यात पर्यावरणाचा उपहास सगळ्यात जास्त चुकतो तो याच जागी.

शहरी व्यंगचित्रात जंगलतोड दाखवायची झाली की कुऱ्हाड घेतलेला, लंगोटी लावलेला माणूस काढतात. चित्र सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. मोळी विकून मीठ-तेल घेणाऱ्या माणसाच्या कुऱ्हाडीने सातपुडा बोडका झाला, असं म्हणण्यापूर्वी वरचे ६,४८८ आणि ४,२०० हेक्टर आठवावेत. साग कोणत्या ट्रकमधून कोणत्या गोदामात जातो तेही विचारावं. मोहाची फुलं, टेंभुर्णीची पानं, चारोळी, कैऱ्या वाळवून केलेला आमचूर, हे सगळं झाड उभं असेल तरच मिळतं. नंदुरबारच्या आमचुराला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं, ते आंब्याची झाडं राखणाऱ्यांमुळे. २००६ च्या वनहक्क कायद्यात पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा आपला ताबा सिद्ध करायला सांगितलं गेलं. झाडाला साक्षीला उभं करता येत नाही, म्हणून कागद शोधत माणसं अक्कलकुव्याच्या फेऱ्या मारत राहिली. यावर सोंग काढायचं तर गिऱ्हाईक उघड आहे, आणि ते लंगोटीवालं नाही.

याचा अर्थ गावकरी धुतल्या तांदळासारखे, असा काढू नये. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि त्यातून कधी कधी सगळा डोंगर पेटतो. यावर बोललंच पाहिजे. पण बोलायचं कोणी? सोंगाड्या पार्टीतला गडी हे सोंग काढू शकतो, कारण त्याच्या घरचेही फुलं वेचायला जातात. तीच नक्कल नाशिकहून आलेल्या पथनाट्यवाल्याने केली तर ती हिणवणं ठरते. शब्द तेच, तोंड वेगळं.

उपयोग होतो का

प्रश्न रास्त आहे. हसून माणूस मोकळा होतो आणि घरी जाऊन झोपतो, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. २०१४ मध्ये जॉन ऑलिव्हर या अमेरिकेतल्या विनोदी निवेदकाने हवामानबदलावर एक 'वादविवाद' घडवला. टीव्हीवर नेहमी एक शास्त्रज्ञ आणि एक नाकारणारा असे दोघे बसवतात, त्यामुळे मतं निम्मीनिम्मी आहेत असं वाटतं. ऑलिव्हरने खरं प्रमाण दाखवायला ९७ जण एका बाजूला आणि ३ जण दुसऱ्या बाजूला उभे केले. ९७ जणांच्या गलक्यात काही ऐकूच येईना. डेलावेअर विद्यापीठातल्या पॉल ब्रूअर यांनी जेसिका मॅकनाइट यांच्यासह तो तुकडा लोकांना दाखवून तपासलं, तर पाहणाऱ्यांमध्ये 'शास्त्रज्ञांचं यावर एकमत आहे' ही समज वाढलेली आढळली. विशेष म्हणजे विज्ञानात फारसा रस नसलेल्यांवर परिणाम अधिक होता. जे लेख वाचत नाहीत, त्यांच्यापर्यंत प्रमाण पोचलं. त्यांनी पुढे काय केलं, ही निराळी गोष्ट.

उलटतो तेव्हा

३ डिसेंबर २००४, भोपाळ वायुकांडाला वीस वर्षं. बीबीसीच्या जागतिक वाहिनीवर डाऊ कंपनीचा प्रवक्ता म्हणून एक गृहस्थ आले आणि कंपनी सगळी जबाबदारी घेत आहे, पीडितांसाठी १२ अब्ज डॉलर देत आहे, असं जाहीर करून गेले. ते 'येस मेन' या अमेरिकी उपहासकार जोडगोळीतले होते. काही तासांत बिंग फुटलं. तेवढ्यात डाऊचा शेअर घसरला होता. कंपनीने चांगलं वागायचं ठरवलं तर बाजार तिला शिक्षा करतो, हे एका सकाळीत दिसलं. युक्ती अफलातून होती. पण भोपाळमध्ये काही घरांत तेवढा वेळ ती बातमी खरी मानली गेली होती, आणि त्या डोळ्यांतल्या पाण्याचा हिशेब येस मेनना द्यावा लागला. ज्यांच्या बाजूने बोलायचं त्यांनाच धक्का बसत असेल, तर युक्तीचा पुन्हा विचार करावा, असं मला वाटतं.

दुसऱ्या प्रकारचं उलटणं आपल्याकडचं. जुलै २०१७ मध्ये रेडिओ निवेदिका मलिष्काने मुंबईच्या खड्ड्यांवर त्या वेळी गाजत असलेल्या 'सोनू'च्या गाण्याचं विडंबन केलं. ते तुफान पसरलं. पाठोपाठ महापालिकेचे कर्मचारी तिच्या घरी तपासणीला पोचले, डासांच्या अळ्या सापडल्याचं सांगितलं आणि नोटीस बजावली. खड्डा बुजवण्यापेक्षा अळी शोधणं सोपं पडलं असावं. पण त्या तपासणीने गाण्याला जेवढे श्रोते मिळवून दिले, तेवढे रेडिओला एकट्याने मिळवता आले नसते.

सुपारी कोणाची

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि तो टाळून चालणार नाही. सोंगाड्या पार्टीला, तमाशाला, कलापथकाला सुपारी लागते. शासकीय योजनांच्या प्रसारासाठी कलापथकं निवडली जातात, त्यांना ठरलेलं मानधन मिळतं. स्वच्छता, पाणी वाचवा, झाडं लावा, वणवा लावू नका. विषय सगळे चांगले. मात्र सुपारी खात्याची असली की सोंगाचं तोंड हळूच फिरतं. अडाणी गावकरी चुकतो, शहाणा अधिकारी समजावतो, शेवटी सगळे मिळून रोप लावतात. खड्डा कितवा, हे विचारायला कोणी उरत नाही. कलावंताला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या घरी चूल आहे.

गावाने आपापसात वर्गणी काढून बोलावलेल्या पार्टीची गोष्ट निराळी. तिथे ठेकेदारही पहिल्या रांगेत बसलेला असतो, त्यानेही पन्नास-शंभर दिलेले असतात, आणि रात्री दोन वाजता आपल्यासारखाच पोट सुटलेला, आपल्यासारखीच मान खाजवणारा माणूस वाळूचा ट्रॅक्टर घेऊन समोर आला की त्याला हसावंच लागतं. बाजूचे बघत असतात.